आजीचं जांभळं औषध

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, राहुरी, डोंगरगण करत नगरला येते आणि सोलापूर रस्त्यानं साकत, घोगरगाव, मिरजगावकडे जाते. आळंदी-देहूच्या पालख्यांइतके कॅमेरे इकडे फिरकत नाहीत, त्यामुळे चालणाऱ्यांना जरा निवांतपणा असतो. मला नगरपासून मिरजगावपर्यंतच चालायचं होतं, तेही आजीसाठी. आजी पक्की चर्चला जाणारी बाई. तिच्यासाठी वारी कसली, असं घरातल्यांनी विचारलंच. मी पिशवी भरली आणि निघाले.

आजी १९२९ सालची. गेली तेव्हा ९४ वर्षांची होती. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्याच मंडळीत ती वाढली आणि मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, पाटी बदलली, तरी तिच्या तोंडी शेवटपर्यंत 'आमची मंडळी'च. रविवारी पांढरी साडी, काखेत बायबल, आणि पाळकसाहेबांच्या आधी हजर. उपदेश लांबला की घड्याळाकडे बघायची, पण जागची हलायची नाही.

पालखी नगरात आली की आमच्या ओट्यावर पाण्याचा पिंप, एक स्टूल, कापूस आणि जांभळं औषध मांडलेलं असायचं. वारकरी स्टुलावर बसून पाय पुढे करायचे. फोडातून सुईनं दोरा ओवून तो तसाच आत ठेवायची वारकऱ्यांची जुनी रीत. तिचा तिला भयंकर राग. "बाबा, तो दोरा आधी काढा, पू होईल," असं म्हणत स्वतःच चिमट्यानं ओढून काढायची. चिखलानं माखलेले, भेगाळलेले पाय मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर सरकवून ती बोटाबोटांतून कापूस फिरवायची. चटका बसून कुणी पाय मागे घेतला तर घोटा घट्ट धरून ठेवायची.

पालखीपुढे मात्र ती कधी वाकली नाही. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायची, स्वतः खायची नाही, शेजारच्या पोरांना वाटायची. सर्वधर्मसमभावाचं छान छान लिहिताना लोक हे असलं गाळून टाकतात, म्हणून मुद्दाम सांगते. देव एकच, तिथं तिची तडजोड नव्हती. अभंग मात्र तिला कधीच परका वाटला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग रचले. ते आमच्या मंडळीत पेटी-तबल्यावर म्हणतात. आजी ते भाकरी थापतानाही म्हणायची, आणि ठेका चुकला तर भाकरी परातीतच थांबायची.

साकतच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला. सिन्नरकडच्या एका मावशींनी मला बाभळीखाली बसवलं आणि पिशवीतून सुई-दोरा काढला.

"दोरा नको मावशी, आजी रागवेल."

"कुठंय आजी?"

"गेली."

"मंग कशी रागवंल?" त्या हसल्या. मग माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "माळ न्हाई घातली?"

"आम्ही ख्रिश्चन."

त्यांनी क्षणभर बघितलं. "बरं. पाय हिकडं कर." काडी ओढून सुई जाळावर धरली, फोड टोचला, दोरा न ओवताच वर हळद दाबली. हळदीवरून आजीनं त्यांना काय काय ऐकवलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

पुढे दिंडीत टाळांच्या ठेक्यावर चालताना माझ्या तोंडी आजीचाच एक अभंग आला. पाऊल नेमकं त्याच मापात पडत होतं. शेजारच्या टाळकरी बाबांनी कान दिला.

"माऊली, ह्यो कुणाचा? आमच्या पाठात न्हाई."

"टिळकांचा."

"लोकमान्यांनी अभंग बी लिवलं?"

"ते नव्हेत बाबा, दुसरे टिळक."

"दुसरं कोण?"

मग घोगरगाव येईपर्यंत मी दुसऱ्या टिळकांची गोष्ट सांगत होते, आणि बाबा मधे मधे टाळ वाजवून "पुढं?" म्हणत होते.