तुम्ही विचारलंत म्हणून: नाकात छर्रे कशाला?

नागपूरच्या इतवारीतल्या एका सायकलच्या दुकानात मी दीडशे ग्रॅम छर्रे मागितले. बेअरिंगमधले, पोलादी, बारीक. कशाला हवेत, असं दुकानदार भाऊंनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, की रॉकेटच्या नाकात भरायला. आता आदल्याच खेपेला मी याच माणसासमोर आमची कार्बन फायबरची नळी किती हलकी झाली याची भरपूर फुशारकी मारून गेले होते. भाऊंनी वजनकाटा तसाच धरून ठेवला.

"बाप्पा! हलकं करून राहिलो, हलकं करून राहिलो म्हणत होत्या ना ताई तुम्ही? मंग हे लोखंड काहून घेऊन राहिल्या?"

तेव्हापासून हाच प्रश्न मला जाऊबाईंनी विचारला, शेजारच्या काकांनी विचारला, भाचीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनीही विचारला (त्यांनी जरा आडून विचारला). तुम्हीही विचारलंत. दुकानात उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आता बसून देते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत कंपोझिटचं, म्हणजे कापड आणि रेझिनच्या थरांतून हलके, मजबूत भाग बनवायचं काम करते. भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिच्या चार जणांच्या टीमने विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठी रॉकेट बनवायला घेतलं. मोटर आयोजक देणार, परवानग्या त्यांच्या, मैदान त्यांचं. आम्ही करायचं ते फक्त रॉकेटचं अंग. मोटर घरी का नाही बनवत, असंही लोक विचारतात. ज्या शहरात देशाच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय आहे त्या शहरात हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटते. स्फोटकांचा कायदा 1884 पासून आहे, आणि बोटं त्याच्याही आधीपासून दहाच आहेत.

मोटर आय वर्गाची होती. हौशी रॉकेटवाल्यांच्या वर्गवारीत दर अक्षराला ताकद दुप्पट होते आणि 160 न्यूटन-सेकंदांच्या (मोटर एकूण किती रेटा देते त्याचं माप) पुढे, म्हणजे एच अक्षरापासून, हाय-पॉवर सुरू होतं. आमची मोटर भरलेल्या अवस्थेत 800 ग्रॅमची. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गडबड त्यानेच केली.

नळी 75 मिलिमीटर व्यासाची, मीटरभर लांब. पीव्हीसीच्या पाइपवर मायलारची, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकची, शीट गुंडाळायची, वर 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कार्बन कापडाचे तीन फेरे द्यायचे. कापड भरलं 141 ग्रॅम. त्यापुढचा खेळ रेझिनचा, म्हणजे कापडात मुरून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा. एलवाय 556 हे इपॉक्सी रेझिन आणि एचवाय 951 हा त्याला घट्ट करणारा हार्डनर, शंभराला दहा, सराफाच्या काट्यासारख्या काट्यावर मोजून. हात सैल सोडला तर रेझिन कापडाइतकंच बसतं आणि नळी 280 ग्रॅमच्या पुढे जाते. कापड भिजल्यावर वरून आवळपट्टी घट्ट गुंडाळली, गरम हवा दिली, की पट्टी आक्रसते आणि जादा रेझिन घामासारखं बाहेर येतं. आमची नळी 235 वर थांबली. तेवढ्याच मापाची बाजारातली जाड फायबरग्लासची नळी अर्ध्या किलोच्या वर जाते. फुशारकी मारली ती यावरच.

हे सगळं मे महिन्यात चाललं होतं, हेही सांगायला हवं. नागपूरच्या मेमध्ये इपॉक्सीचं काम पहाटे पाचला करायचं असतं. दुपारी करायला गेलात तर हार्डनर घातल्यावर ब्रश उचलेपर्यंत कपातलं रेझिन मधासारखं घट्ट होतं. आणि कूलर लावता येत नाही! कूलरची हवा ओली, त्या ओलीने हार्डनर बिघडतो आणि वाळलेल्या थरावर तेलकट मेणासारखा साका येतो, ज्यावर पुढचा थर धरत नाही. म्हणजे खसाचा गार वास शेजारच्या खोलीतून येत असतो आणि तुम्ही मास्क, हातमोजे घालून पंख्याखाली वितळत असता.

तर नळी झाली, पंख झाले, रॉकेट जोडलं. टोकापासून शेपटीपर्यंत 130 सेंटीमीटर, मोटर सोडून 1075 ग्रॅम. गच्चीवर तारेला दोरीचा फास बांधून आडवं टांगलं आणि फास पुढेमागे सरकवत ते समतोल राहील ती जागा शोधली. हा गुरुत्वमध्य. नाकाच्या टोकापासून 72 सेंटीमीटरवर आला, तिथे भाचीने पेन्सिलने खूण केली. दुसरी जागा ओपनरॉकेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने काढून दिली होती: हवेच्या दाबाचा मध्य, टोकापासून 93 सेंटीमीटरहून जरा जास्त अंतरावर. आडवा वारा रॉकेटवर जो जोर लावतो तो सगळा जणू या एका ठिकाणी लागतो. हे गणित 1960च्या दशकात नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी हौशी लोकांना कागदावर करता येईल इतकं सोपं करून दिलं.

नियम असा, की गुरुत्वमध्य दाबाच्या मध्याच्या पुढे हवा, निदान नळीच्या एका व्यासाइतका. मग नाक जरा वाकडं झालं तरी हवा शेपटीला ढकलते आणि रॉकेट पुन्हा सरळ होतं. आमचं अंतर एकवीस-साडेएकवीस सेंटीमीटर होतं. हवी होती साडेसात. मुलं खूश झाली, कोणीतरी तर्री-पोहे आणायला निघालंही.

मी म्हटलं, मोटर घाला की.

मोटर अर्थातच नागपुरात नव्हती. तेवढ्याच लांबी-जाडीच्या पाइपात कन्हान नदीची रेती भरून 800 ग्रॅमचा डमी केला होता, तो शेपटीत सरकवला. फास सरकवत सरकवत मागे न्यावा लागला. पेन्सिलची नवी खूण 89 वर आली. सतरा सेंटीमीटर मागे! एकवीस-साडेएकवीसचे जेमतेम साडेचार उरले. पोहे आले, पण कोणी बोलेना.

इथे दिवाळीतलं रॉकेट आठवा. आमच्या लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात माझ्या चुलतभावाने बाटलीत नीट मावेना म्हणून रॉकेटची काडी अर्ध्यात मोडली होती. रॉकेट बाटलीतून निघालं, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि वाळत घातलेल्या सांडग्यांवरून सरळ समोरच्यांच्या ओसरीत. दारू तीच, वात तीच, मोडली फक्त काडी. पण हवेला धरायला जी लांब शेपटी हवी ती काडीच देते. आमच्या रॉकेटला काडीच्या जागी पंख होते, आणि ओढ, म्हणजे हवेचा अडथळा, कमी व्हावा म्हणून आम्ही ते लहान ठेवले होते.

पंख मोठे करा, हा पहिला सल्ला सगळे देतात. होतं काय, दाबाचा मध्य मागे सरकतो खरा, पण वाढलेला पंखही शेपटीलाच असतो, तो गुरुत्वमध्यालाही थोडं मागे नेतो. वर ओढ वाढते, आणि वेग वाढला की पातळ पंख फडफडून मोडायची भीती वेगळीच.

आणि नळी जड असती तर? हे मी मुलांना करून बघायला लावलं. 235 च्या जागी 600 ग्रॅमची नळी धरली. गुरुत्वमध्य पुढे आला दीड सेंटीमीटर. साडेतीनशेहून जास्त ग्रॅम खर्चून दीड! कारण नळीचं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं, आणि त्याचा मध्यही आधीच्या गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ. तेच नाकात, टोकापासून पंधरा सेंटीमीटरवर, 150 ग्रॅम ठेवले तर? साडेपाच सेंटीमीटर. एकूण अंतर दहाच्या घरात, म्हणजे सव्वा व्यासाहून जास्त. पाणी शेंदताना रहाटाचा दांडा टोकाला धरला तर जे होतं तेच हे.

तर भाऊ, हे तुमचं उत्तर. नळीत वाचवलेले ग्रॅम आम्ही नाकात खर्च केले आणि वर दोनशेच्या आसपास शिल्लकही राहिले. वजन किती यापेक्षा ते कुठे बसलंय, यावर रॉकेट सरळ जातं.

यावर हुशार माणूस पुढचा प्रश्न विचारतोच, की वजन मागे नको तर मोटरच वर का नाही लावत? रॉबर्ट गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 ला द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर आणि टाक्या खालीच होत्या. लंबकासारखं टांगलं की सरळ राहील, असा तो तर्क. अडीच सेकंदांत ते बारा-साडेबारा मीटर वर गेलं आणि कोबीच्या शेतात पडलं. इंजिन रॉकेटला पक्कं जोडलेलं असलं की रॉकेट जिकडे कलेल तिकडेच तेही ढकलतं, त्यामुळे लंबक काही लागू होत नाही. नंतर त्यांनी इंजिन खाली आणलं.

आणखी एक. हलकं म्हणजे उंच, हेही दरवेळी खरं नसतं. मोटर विझल्यावर रॉकेट आपल्या वेगावरच वर चढत राहतं. टेबल टेनिसचा चेंडू आणि एक संत्रं सारख्याच जोराने फेकून बघा, चेंडू चार पावलांवर मान टाकतो. फार हलक्या रॉकेटचं तसंच होतं, हवा त्याला लवकर थांबवते. प्रत्येक मोटरसाठी एक नेमकं वजन असतं, त्याच्या खाली गेलात तर उंची उलट कमी होते. आमचं त्या वजनाच्या खाली गेलं नव्हतं, पण त्या दीडशे ग्रॅमचा तोटा वाटतो तेवढा होत नाही, एवढं खरं.

आता छर्रे भरायची हकीकत. नाक फायबरग्लासचं, कारण कार्बन वीजवाहक, त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. आपली जागा रेडिओने कळवणारा ट्रॅकर कार्बनच्या नळीत ठेवला की रॉकेट पडलं कुठे ते देवच सांगणार. नाकाच्या टोकात छर्रे ओतायचे आणि वरून इपॉक्सी. हे काम मी दुपारी चारला केलं. पहाटेचा नियम मीच सांगितलेला, मीच मोडला. पातळ थरात इपॉक्सी स्वतःची उष्णता हवेला देऊन टाकतं, पण निमुळत्या नाकात जाड गोळा झाला की उष्णता जाईल कुठे? पाच मिनिटांत नाक हाताला चटका देऊ लागलं, तोंडातून धूर, आणि पृष्ठभागावर बुडबुडे. मी ते तसंच उचलून माठाच्या पाण्यात बुडवलं. नाकाचं टोक पिवळं पडून एका बाजूला सुजलं होतं. सासूबाईंनी त्या माठातलं पाणी नंतर कोणाला पिऊ दिलं नाही, आणि तो माठही पुन्हा वापरू दिला नाही.

दुसरं नाक पहाटे केलं, तीन टप्प्यांत, दर टप्प्याला थोडे छर्रे आणि थोडं रेझिन. मधून आडवा बोल्ट घातला, कारण पॅराशूट बाहेर पडताना जो झटका बसतो त्यात वजन सुटून ट्रॅकरवर आदळायला नको.

उड्डाणाचं फार काही सांगण्यासारखं नाही. वारा होता, रॉकेट थोडं वाऱ्याकडे झुकलं, जसं झुकायला हवं तसं, आणि सरळ गेलं. हजार मीटरच्या थोडं वर. पॅराशूट उघडलं, मैदानापलीकडच्या शेतात उतरलं, नाकाने आपला पत्ता कळवला. एक पंख मुळाशी तडकला होता.

यंदा मुलांनी दुसरं रॉकेट घेतलंय. मी पुन्हा इतवारीत गेले. भाऊंनी मला बघताच डबा काढला.

"दीडशे?"

"नाही, शंभर."

"मंग रॉकेट अजून हलकं केलं का?"

"नाही भाऊ. बॅटरी आणि कॅमेरा मधून काढून नाकात बसवले. वजन घालायचंच तर कामाचं घालावं म्हटलं."

त्यांनी शंभर ग्रॅम मोजले, पुडी बांधली, आणि वर चार छर्रे आणखी टाकले. नको म्हटलं तर म्हणाले, राहू द्या, एखादा घरंगळून जातो.