तेरची वजरी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वस्तुसंग्रहालयात, बरोबरची मंडळी हस्तिदंताच्या सुप्रसिद्ध स्त्रीप्रतिमेपुढे दाटी करून उभी असताना माझे लक्ष भाजक्या मातीच्या काही ओबडधोबड तुकड्यांकडे गेले. तळहातात सहज मावेल एवढा आकार, वरून बोटांत धरता यावा असा उंचवटा आणि खालच्या अंगाला रेघांवर रेघा ओढून मुद्दाम आणलेला खरखरीतपणा, एवढे पाहिल्यावर पाटी वाचण्याची गरज उरली नाही. त्या वजऱ्या होत्या. सातवाहनांच्या काळातल्या, म्हणजे सुमारे 2000 वर्षांपूर्वी कुणाच्या तरी टाचा घासून दिलेल्या.

आजोळच्या न्हाणीघरात बंबाच्या शेजारी एक कोनाडा होता आणि त्यात शिकेकाईच्या डब्याला टेकून आजीची वजरी उभी असे. ती एका बाजूने इतकी झिजलेली होती की धरताना आजीचा अंगठा आपोआप त्याच खाचेत बसायचा. आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती, कारण ओल्या फरशीवर तिने फार सुंदर रेघोट्या उठत. एरवी ती आमच्या वाटेला जात नसे. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र उटणे लावून झाले की आजी आमचा एकेक पाय मांडीवर घेई आणि ‘पाय आहेत की नांगरटीतली ढेकळं?’ असे म्हणत टाच लालबुंद होईपर्यंत घाशी. अभ्यंगस्नानाच्या आठवणी लोक सुगंधाच्या सांगतात. माझी टाच अजून हुळहुळते.

संग्रहालयात गेल्यावर देव आणि राजे यांच्यासमोर फार वेळ थांबायचे नाही, हा माझा जुना हेका आहे. देवांसाठी देवळे आहेत आणि राजांची सोय पाठ्यपुस्तकांनी केलेली आहे. फणी, दिवा, वजनाचे दगड, पोरांची चाकाची खेळणी यांना मात्र दुसरी जागा नाही. पाट्या लिहिणाऱ्यांनाही या गरीब वस्तूंबद्दल फारशी आस्था नसते. अन्यत्र एके ठिकाणी मातीच्या एका जाडसर कड्यापुढे ‘उपयोग अज्ञात’ असे लिहिलेले मी पाहिले आहे आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाईंनी ‘अगंबाई, भांड्याखालची अडणी!’ असे म्हणून तो प्रश्न जागच्या जागी निकालात काढलेलाही ऐकला आहे.

तेरला या वस्तूंना एक वेगळे वजन येते, कारण त्या जिथे वापरल्या गेल्या तिथेच ठेवलेल्या आहेत. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणापासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो आणि इथून साधे कापड, नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी थेट भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, असेही तो नोंदवतो. हस्तिदंताच्या त्या बाईंची कीर्तीही याच व्यापारामुळे आहे, कारण 79 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती प्रतिमा मिळाली, तिच्याशी यांचे घराण्याचे साम्य अभ्यासकांना दिसते. एवढ्या दूरचे नातेवाईक असल्यावर माणसे पाहायला येणारच. वजरीला परदेशात कुणी नाही. भडोचला निघालेल्या गाडीवानाच्या भेगाळलेल्या टाचा मात्र तिच्याशिवाय कुणी पाहिल्या असतील?

माती आणि भट्टी यांच्याशी या गावाचे सख्य एरवीही जुने आहे. त्रिविक्रमाचे पुरातन मंदिर विटांचे आहे, आणि वारकऱ्यांसाठी तर तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के, हे सांगणाऱ्या या कुंभाराची समाधी इथेच तेरणेच्या काठी आहे. संग्रहालयातली ही सगळी खापरे त्यांच्यासमोर मांडली असती, तर भाजणीबद्दल त्यांनी काय निवाडा दिला असता, हे ऐकायला मला आवडले असते.

गावाच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी वर येतात. आपल्याकडे अशा किती पांढरी उकरून लोकांनी घरे लिंपली आणि शेतांत माती टाकली, याला गणती नाही. त्या मातीबरोबर काय काय गेले, ते आता कुणालाच कळणार नाही. लामतुरे हे गावातले व्यापारी. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. गावात सापडणाऱ्या वस्तू ते आयुष्यभर जमवत राहिले, आणि पुढे शासनाकडे सुपूर्द झालेल्या त्या संग्रहात 20,000 हून अधिक वस्तू आहेत. सोन्याचे नाणे कुणीही जपून ठेवील. फुटके खापर आणि झिजलेली वजरी हातात घेऊन ‘हेही असू दे’ म्हणायला वेगळा स्वभाव लागतो, आणि तसला स्वभाव घरात असला की इतरांना फडताळात आपले कपडे ठेवायला जागा उरत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. माझ्या मोडक्या अडकित्त्यांवरून आणि बिनझाकणाच्या डब्यांवरून आमच्याकडे जे बोलले जाते, ते इथे लिहिण्याजोगे नाही. वीस हजार वस्तू घरी येत असताना लामतुऱ्यांच्या घरी काय बोलले गेले असेल, याची माहिती देणारी पाटी मी सगळ्या दालनांतून शोधली. ती काही सापडली नाही.