मोबाइलात सगळं असतंय, मग क्लास कशाला?

"मॅडम, मोबाइलात सगळं असतंय की, मग जर्मनच्या क्लासला कशाला यायचं?" बेळगावात जर्मन शिकवते म्हटल्यावर खानापूर, निपाणीकडचे पालक हे हमखास विचारतात. मुलीला नर्स म्हणून जर्मनीला पाठवायचं असतं, त्यासाठी बी२, म्हणजे भाषेच्या चौथ्या पातळीपर्यंत मजल मारायची असते आणि फीचा पैसा कष्टाचा असतो. प्रश्न रास्तच आहे.

शब्द पाठ करायला अ‍ॅप उत्तमच. विसरायच्या बेतात असलेला शब्द ते बरोबर पुन्हा पुढ्यात आणून ठेवतं. 'डेर, डी, डास' हे नामाचं लिंग दाखवणारे शब्द घोकून घेण्यात वर्गातला वेळ आता मी घालवत नाही.

पण कुठलंही साधन मी एकाच गोष्टीवर जोखते: ते बंद केल्यावर मूल आपणहून काय बोलतं? अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा शब्द खाली मांडलेलेच असतात. ते क्रमाने लावले की हिरवी खूण. ए१च्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत मात्र हातात एक कार्ड येतं. विषय 'खाणंपिणं', शब्द 'रविवार'. एवढ्यावरून शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा, आणि त्याने विचारलेल्याला उत्तरही द्यायचं. रोज न चुकता अ‍ॅप करणारी मुलं इथे अडतात. शब्द ओळखीचा असतो, पण वाक्य सुचत नाही.

हे आजचं नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात फ्रेंच-जर्मन शिकणाऱ्या शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास झाला. तेव्हाची नवलाई म्हणजे लँग्वेज लॅब, हेडफोन लावून टेपवरची भाषा ऐकायची आणि म्हणायची खोली. तिच्यामुळे मुलांच्या प्रगतीत म्हणावा असा फरक दिसला नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडतं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं रेकॉर्डिंग. जर्मनमध्ये एक स्वर आहे: ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. वर्गात सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा कोण चुकतंय ते कळत नाही. घरून आवाज पाठवायला सांगितला की मुलगी स्वतःचं ऐकते, पुसते, पुन्हा म्हणते. माझ्यापर्यंत येईस्तोवर निम्मं काम झालेलं असतं. शिवाय कणकुंबी-जांबोटीकडे रेंज गेली तरी रेकॉर्ड करता येतं. पाठवायचं मग सावकाश.

माझ्या क्लासलाही हीच कसोटी लावा. एक दिवस मागच्या बाकावर येऊन बसा आणि तासाभरात तुमची मुलगी किती वेळ जर्मन बोलली ते बघा. नुसती मीच बोलत असेन, तर खुशाल दुसरा क्लास शोधा.