स्टेपडाऊन लावला, तरी घड्याळ मागे

काका माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा सून बरोबर होती आणि बोलत तीच होती. "रोज रात्री घड्याळ लावतात, सकाळी बघावं तर चुकलेलं. हल्ली त्यांना नीट जमत नाही." काकांनी काही न बोलता खिशातून एक पाठकोरा कागद काढून काउंटरवर ठेवला.

सेट मुलाने अमेरिकेहून आणलेला. सीडी, रेडिओ, गजर, दोन सुटे स्पीकर. १२० व्होल्टचा, म्हणून खाली स्टेपडाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर. गजराला बझरऐवजी रेडिओ निवडलेला, कारण काकांना सहाला पुणे केंद्र ऐकत उठायचं असतं. आधीच्या दुकानात सेट न उघडताच 'आयसी (चिप) गेली, मिळणार नाही' म्हणून परत पाठवलं होतं.

कागदावर काकांनी वेळा टिपल्या होत्या. रात्री ९ ला लावलं, सकाळी ६ ला बघितलं तर ४:३०. दुपारी १२ ला लावलं, संध्याकाळी ६ ला ५. तासाला बरोबर दहा मिनिटं मागे! बिघडलेलं घड्याळ इतक्या शिस्तीत चुकत नाही. या जातीच्या घड्याळाची आयसी मनगटी घड्याळासारखी क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालत नाही, ती लाइटच्या आवर्तनांवर वेळ मोजते. अमेरिकेत सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. स्टेपडाऊन व्होल्टेज उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. नऊला लावलेल्या घड्याळाचा सहाचा गजर त्यामुळे ७ वाजून ४८ मिनिटांनी होणार. काका उशिरा उठत होते ते यामुळे, आणि घरात बोट त्यांच्याकडे जात होतं. ते आठवलं की मला अजून राग येतो.

आयसीच्या एका पायावर ५० की ६० ते ठरतं. तो जोडला, घड्याळ सुधारलं. पण काकांची दुसरी तक्रार होती, आणि तीही घरात कुणी मनावर घेतली नव्हती: "मिरची ९८.३ ला स्वच्छ लागतं, रेडिओ सिटी ९१.१ ला स्वच्छ, आकाशवाणी १०१ वर मात्र खरखर." सुनेच्या मते सरकारी स्टेशन, असंच असणार. मीही सहज एरियलला दोष दिला असता, पण आकडे पाहिले. स्टेशन शोधताना आकडा ज्या टप्प्याने पुढे सरकतो ती पायरी. अमेरिकेत एफएमची पायरी ०.२ ची आणि दशांश कायम विषम. ९८.३ विषम, ९१.१ विषम. १०१.० वर हा सेट थांबूच शकत नाही, १००.९ किंवा १०१.१ ला बसतो. मीडियम वेव्हवरही तेच. पुणे ७९२ किलोहर्ट्झला, आपली पायरी नऊची, त्यांची दहाची. हा ७९० ला थांबतो, नाहीतर थेट ८०० ला. आकाशवाणीचं प्रक्षेपण चोख होतं.

काही सेटना मागे पायरी बदलायचा खटका असतो. याला नव्हता. पण बोर्डावर डायोडच्या काही जागा रिकाम्या दिसल्या. ज्या देशात माल जायचा त्याप्रमाणे कारखान्यात तिथे डायोड भरतात. सर्किट डायग्राम मिळवून ताडून पाहिलं, योग्य जागी ४१४८ नंबरचा एक डायोड टाकला, आणि १०१.० लागलं. ७९२ सुद्धा. एवढासा डायोड, भाव किरकोळ. कामाचं समाधान ज्याला म्हणतात ते मला अशा दुरुस्तीत मिळतं.

एफएमचा आवाज किंचित दबका राहिला. प्रक्षेपणात चढवलेले उंच सूर सेटमध्ये परत उतरवतात, त्याला डी-एम्फसिस म्हणतात. तिकडच्या सेटमध्ये ते ७५ मायक्रोसेकंदाचं, म्हणजे जास्त उतरवणारं असतं, आपलं प्रक्षेपण ५० चं. डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलचा एकेक कपॅसिटर बदलायचा की झालं. काका म्हणाले, राहू दे, गाणी कानाला गोड लागतात. मन मोडवेना, सोडून दिलं.

बॅकअपला ९ व्होल्टची बॅटरी घातली. लाइट गेली की घड्याळ आयसीच्या आतल्या ऑसिलेटरवर, म्हणजे स्वतःचे ठोके देणाऱ्या सर्किटवर चालतं आणि तो काटेकोर नसतो, वेळ पुढेमागे होते. हे मी सुनेकडे बघून दोनदा सांगितलं. काकांना ते आधीच कळलं होतं, पण लाइट गेल्यावर वेळ चुकली तर ते पुन्हा त्यांच्यावर यायला नको.