बाहेरचं यीस्ट न घालता जांभळाची वाइन: सत्तरीच्या फळाची नोंद

आंबणं संपलं. काचेच्या बरणीत आणि मातीच्या मडक्यात, दोन्हीकडे हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) 1.000 च्या, म्हणजे पाण्याच्या घनतेच्या, किंचित खाली येऊन थांबलाय. साखर घातलेली नाही, विकतचं यीस्ट नाही, वाइन टिकवायला घालतात ती सल्फाइटची (गंधकाच्या क्षाराची) पूड नाही. फळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, मेअखेरीचं, पावसाचा शिडकावा होण्याआधी उतरवलेलं.

रसाचे ब्रिक्स, म्हणजे शंभर भागांतली साखर, 12 भरले. ढोबळमानाने 0.55 ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो, म्हणजे साडेसहा टक्के. वाइनच्या द्राक्षांत याच्या जवळजवळ दुप्पट साखर असते. गोव्यात नाताळासाठी घरोघरी जी वाइन होते तिच्यात भरपूर साखर पडते आणि तिची गोडी तिला शोभतेही. मला मात्र जांभळाची साल काय बोलते तेच ऐकायचं होतं. म्हणून जेवढी गोडी झाडाने दिली तेवढ्यावरच थांबलो.

या वाटेवर ज्यांचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं ते फ्रान्समधल्या बोजोलेचे ज्यूल शोव्हे. वाइनचे व्यापारी आणि रसायनाचे अभ्यासक. त्यांच्या शिकवणीवर 1980 च्या दशकात मॉर्गों गावच्या मार्सेल लापिएर यांनी सल्फरशिवाय, म्हणजे सल्फाइट न घालता, वाइन करून दाखवली. नैसर्गिक वाइनचा आजचा प्रवाह बराचसा तिथून सुरू होतो. शोव्हे यांचं म्हणणं कडक होतं: सल्फर सोडायचा तर फळ निरोगी हवं आणि स्वच्छता काटेकोर हवी. ‘काहीच करायचं नाही’ असा या पद्धतीचा अर्थ काढणाऱ्यांना मी हेच सांगतो. उलट हातकाम वाढतं. यंदा प्रत्येक जांभूळ निवडून घेतलं, फुटलेलं एकही आत जाऊ दिलं नाही. बिया अख्ख्या ठेवून हातानेच कुस्करलं, कारण बी ठेचली की कडूपणा उतरतो.

सुरुवातीला नेलपॉलिशसारखा वास आला. घाबरून ओतून देऊ नका, मंडळी! सालीवर आधी हान्सेनियास्पोरा जातीची यीस्ट असतात, हा वास त्यांचा. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपर्यंत चढला की ती मागे पडतात आणि सॅकरोमायसीस हे वाइनचं मुख्य यीस्ट ताबा घेतं. आपल्या साडेसहा टक्क्यांत त्याला जागा फार थोडी मिळते, म्हणून मी रोज वास घेत राहिलो. चौथ्या-पाचव्या दिवशी वास निवळला आणि पिकलेल्या जांभळाचा खरा दरवळ वर आला.

साली फेसाबरोबर वर येतात तेव्हा त्या सकाळ-संध्याकाळ दाबून रसात बुडवायलाच हव्यात. कोरड्या सालीवर हवा लागली की व्हिनेगरचे जिवाणू बसतात. बाहेर पारा 33 वर असताना बरणी पाण्याच्या टबात ठेवून वर ओलं गोणपाट गुंडाळलं, तेव्हा आतला रस 27-28 वर राहिला. उकाड्यात सावकाश आंबवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

मडक्याचं सुचलं ते काजूच्या भट्टीवरून. बोंडूंचा (काजूच्या फळांचा) रस कोडेंमध्ये भरतात, ते मातीचं मोठं भांडं अर्धं जमिनीत पुरलेलं असतं आणि त्यात बाहेरचं काहीच घालत नाहीत, सालीवरचीच यीस्ट काम करतात. जॉर्जियातली क्वेव्री (वाइनचं मातीचं भांडं) तर गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली असते. तिथे इ.स.पू. 6000 च्या सुमाराच्या मडक्यांत द्राक्षवाइनचे अवशेष सापडलेत आणि क्वेव्रीच्या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. जमिनीचा गारवा दोन्ही पद्धतींत कामाला येतो. पण एक फरक मोठा आहे. कोडेंतला रस थोड्याच दिवसांत भट्टीवर चढून ऊर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) होतो, तो टिकवायचा नसतो. क्वेव्रीतली वाइन महिनोन् महिने राहते, म्हणून तिला आतून मधमाश्यांचं मेण लावतात आणि तोंड घट्ट बंद करतात. मीही मडक्याला आतून मेण लावलं, झाकणाची फट मळलेल्या मातीने बुजवली.

चवीचं बोलायचं तर बरणीतली वाइन फळाच्या अधिक जवळ आहे, रंग गडद जांभळा, तुरटपणा घट्ट. मडक्यातली गोलाई घेऊन आली, शेवटी किंचित आंबट धार. मला मडक्यातली जास्त आवडली, पण बाटलीत जास्त दिवस टिकेल ती बरणीतली.

पीएच 3.7 आहे, हे मला जास्त वाटतं, म्हणजे आम्लता कमी पडते. अशा वाइनला ‘उंदीर’ लागण्याची, म्हणजे उंदरासारखा वास येण्याची, भीती असते. ग्लास नाकाशी धरला की काही कळत नाही, गिळल्यावर लाळेने आम्लता कमी झाली की जिभेच्या मागे तो घाण वास उमटतो. तपासायचं तर थोड्याशा वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा घालून हुंगा. आज दोन्ही नमुने स्वच्छ निघाले.

फ्रान्समध्ये 2020 पासून ‘व्हँ मेतोद नातूर’ ही सनद आहे. हाताने तोडलेली सेंद्रिय द्राक्षं, त्यांची स्वतःची यीस्ट, आणि सल्फाइट घालायचंच तर एकूण प्रमाण लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत. युरोपात साध्या कोरड्या रेड वाइनला 150 पर्यंत मुभा आहे. 30 च्या आत राहणं मला प्रामाणिक वाटतं आणि मडक्यातली वाइन बाटलीत भरताना सल्फाइटची अगदी थोडी मात्रा द्यायची की नाही, यावर माझा विचार चालू आहे. बरणीतली मात्र तशीच भरेन. गाळ खाली बसू दे, मग नळीने वरची वाइन काढून बाटल्या काठोकाठ भरायच्या, मध्ये हवेला जागा ठेवायची नाही.

ज्यांनी जांभूळ सल्फाइटशिवाय पूर्ण पावसाळाभर टिकवलं आहे त्यांनी आपला पीएच आणि ठेवण्याची जागा जरूर कळवा. मार्चमध्ये बोंडू आले की त्यांचा रस मेणाच्या मडक्यात आंबवून बघणार आहे, भट्टीवर न चढवता.