नोकरी सोडली आणि कंपनीने माझेच कॉम्प्युटर परत मागितले

नोकरी सोडताना एचआरची क्लिअरन्सची मेल येते ना, त्यात मला दोन वस्तू जमा करायला सांगितल्या होत्या, एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप. दोन्ही माझे, माझ्या पैशाने घेतलेले, तिथे रुजू व्हायच्या आधीपासूनचे. आपापली मशीन वापरा असंच तिथे चालायचं त्यामुळे सगळं काम घरून त्याच्यावरच. मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाची मेल चुकून आली असेल, पण खाली तक्ता जोडलेला आणि त्यात माझ्या लॅपटॉपचं मॉडेल, सिरियल नंबर सगळं बरोब्बर. वर एक वाक्य, की डिव्हाइस जमा झाल्याशिवाय शेवटचा हिशेब होणार नाही, आणि जमा करणं शक्य नसेल तर डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढून द्यावी.

आता हा तक्ता आला कुठून? कोणी बसून लिहिलेला नव्हता. विंडोजवर ऑफिसच्या अकाउंटने वर्ड किंवा टीम्समध्ये साइन इन केलं की एक खिडकी येते, 'माझ्या संस्थेला हे डिव्हाइस मॅनेज करू द्या', आणि तिथली टिक आधीच केलेली असते. ओके दाबलं आणि कंपनीने ऑटोमॅटिक एनरोलमेंट, म्हणजे आपोआप नोंदणी, चालू ठेवलेलं असलं की मशीन त्यांच्या मॅनेजमेंट सिस्टीममध्ये जाऊन बसतं, आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं इनट्यून होतं. सिरियल नंबर, मॉडेल, विंडोजचं व्हर्जन हे सगळं तिथे आपोआप पोचतं. त्यात मालकीचा एक रकाना असतो, पर्सनल किंवा कॉर्पोरेट, आणि ॲडमिन तो बदलू शकतो. कोणीतरी सरसकट सगळं सिलेक्ट करून कॉर्पोरेट करून टाकलं होतं आणि एचआरने ती यादी उचलून तशीच पुढे ढकलली.

मेल वाचून डोकं फिरलं होतं पण लगेच उत्तर दिलं नाही, आधी दोन्ही मशीनचा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला. कारण त्या सिस्टीममधून ॲडमिनला दोन बटणं मिळतात, रिटायर आणि वाइप. रिटायर म्हणजे कंपनीचं अकाउंट, सेटिंग्ज, त्यांचा डेटा काढून मशीन मोकळं करायचं, बाकीच्याला हात लागत नाही. वाइप म्हणजे फॅक्टरी रिसेट, तुमचे फोटोबिटो सगळं साफ. आणि ज्या माणसाच्या स्क्रीनवर माझं मशीन 'कॉर्पोरेट' दिसतंय तो वाइप दाबायला कशाला कचरेल?

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की इथे भांडणं दोन आहेत आणि त्यांनी ती एकाच वाक्यात कोंबलीयेत. मशीन कोणाचं हे एक, आणि आतल्या फाईल कोणाच्या हे दुसरं. मशीन माझं ठरलं म्हणून त्यातली कंपनीची कागदपत्रं माझी होत नाहीत, आणि त्यांची चार कागदपत्रं आत आहेत म्हणून अख्खी डिस्क त्यांची होत नाही. पहिलं सिद्ध करायच्या घाईत माणूस म्हणतो की घ्या लॅपटॉप, बघा उघडून, यात तुमचं काही नाहीये! ते मला करायचं नव्हतं. म्हणून उत्तरात दोन्ही मुद्दे वेगळे मांडले, आणि वाद मिटेपर्यंत कंपनीची एकही फाईल डिलीट करणार नाही हेही लिहून टाकलं. हे महत्त्वाचं आहे, कारण आधीच साफसफाई केली तर पुरावा नष्ट केला असं कोणीही म्हणू शकतं.

लॅपटॉपचं काम तसं सोपं निघालं. बिलावर माझं नाव आणि मॉडेल होतं पण सिरियल नंबर नव्हता, बऱ्याच बिलांवर नसतोच. नुसत्या मॉडेलवरून काही सिद्ध होत नाही, तसे हजारो लॅपटॉप असतात. मग साखळी जोडायची. बिलावर नाव आणि तारीख, खोक्याच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल, वॉरंटी रजिस्टर केली तेव्हा आलेल्या मेलमध्ये माझं नाव आणि तोच सिरियल, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) दिसणारा सिरियलही तोच. चारही कागद एकमेकांना धरून आहेत म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. एक सांगते, सिस्टम इन्फोमध्ये 'ओरिजिनल इन्स्टॉल डेट' म्हणून जी तारीख दिसते ती पुरावा म्हणून देऊ नका. विंडोजचा मोठा अपडेट आला की ती बदलते, माझ्याकडे तर ती नोकरीला लागल्यानंतरची दिसत होती, म्हणजे दिली असती तर उलटं माझ्याच अंगाशी आलं असतं.

खरी गंमत डेस्कटॉपची. तो असेम्बल केलेला. कंपनीच्या तक्त्यात त्याच्या सिरियल नंबरच्या रकान्यात काय लिहिलेलं असावं? 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. म्हणजे 'हे बनवणाऱ्याने भरायचं आहे'! मदरबोर्ड बनवणारे बायोसमध्ये ती जागा अशीच सोडतात, ब्रँडेड मशीन असेल तर तो ब्रँड तिथे नंबर भरतो, घरी जोडलेल्या मशीनमध्ये कोण भरणार? आणि एचआर मला अगदी गंभीरपणे त्या 'नंबराचं' मशीन जमा करा म्हणून दोन-दोनदा आठवण करत होतं. मी विचारलं की तुमच्या यादीत हा नंबर अजून कोणाच्या नावावर आहे का बघा. होता. एकापेक्षा जास्त लोकांच्या नावावर होता. त्यानंतर बोलण्याचा सूर जरा बदलला.

पण त्यांचा नंबर चुकीचा म्हणजे मशीन माझं, असं थोडीच होतं. असेम्बल केलेल्या मशीनचं एक बिल नसतं, सुट्या भागांची असतात, आणि ती वेगवेगळ्या वेळची. मदरबोर्डच्या बिलावर सिरियल होता आणि बोर्डवर स्टिकर होतं, ते जुळलं. एसएसडीचा, म्हणजे आतल्या डिस्कचा, नंबर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतो, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळला. प्रोसेसरला मात्र सॉफ्टवेअरमधून वाचता येईल असा नंबर नसतो, आणि त्यामागे किस्सा आहे, इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम थ्रीमध्ये असा नंबर टाकला होता पण लोकांनी प्रायव्हसीवरून एवढी ओरड केली की पुढच्या पिढीत तो काढून टाकावा लागला. तेव्हा ओरडणाऱ्यांचं बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं, जरी त्या आठवड्यात मला तो नंबर उपयोगी पडला असता.

पुरावे पाठवतानाही जरा डोकं लावावं लागलं, कारण पुराव्यातूनच नको ते जातं. स्टिकरचे फोटो फोनने काढले की लोकेशन चालू असेल तर फोटोबरोबर तेही जातं, ते काढून मगच पाठवले. बिलावर पत्ता, फोन नंबर, कार्डाचे शेवटचे आकडे. पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे झालं असं नसतं, खालचा मजकूर तसाच राहतो आणि सिलेक्ट करून कॉपी करता येतो. मी बिलाचा प्रिंट काढला, मार्करने झाकलं आणि पुन्हा स्कॅन केलं, जुनी पद्धत पण खात्रीची (मार्कर दोनदा फिरवा, एकदा फिरवला तर उजेडात आकडे दिसतात). कापलेल्या स्क्रीनशॉटवरही माझा भरवसा नाही, २०२३ मध्ये उघड झालं होतं की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये फोटो क्रॉप करून त्याच फाईलवर सेव्ह केला की कापलेला भाग फाईलमध्ये शिल्लक राहायचा. नंतर ते दुरुस्त केलं म्हणा.

एवढं झाल्यावर मालकीचं त्यांनी मान्य केलं. मध्ये मी स्वतःहून सांगितलं होतं की एक मॉनिटर आणि हेडसेट मात्र तुमचा आहे, तो यादीतच नाहीये, घेऊन जा. याचा त्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त परिणाम झाला असं मला वाटतं.

राहिला इमेजचा प्रश्न आणि इथे आयटीवाला अडून बसला. त्याचंही पूर्ण चुकीचं नव्हतं, क्लायंटचा डेटा बाहेर राहिला तर त्याच्याच मानगुटीवर बसणार. पण पूर्ण इमेज म्हणजे काय हे बहुतेक एचआरला माहीतच नव्हतं. ती नुसती फाईलींची कॉपी नसते, डिस्कचा बिट अन् बिट उचलला जातो, डिलीट केलेल्या फाईलींचे उरलेसुरले तुकडे, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड जिथे असतात त्या फाईली, हायबरनेशनची फाईल ज्यात मशीन झोपवताना मेमरीत जे होतं ते उतरलेलं असतं. घरच्यांचे मेडिकल रिपोर्ट, बँकेचे कागद, जुन्या मित्रांशी झालेल्या गप्पा, सगळं एका फाईलमध्ये बांधून कोणाच्या तरी सर्व्हरवर. नाही म्हटलं.

त्याच वेळी अजून एक गोष्ट सापडली. लॅपटॉपवर बिटलॉकर होतं, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारं फीचर, म्हणून मी निर्धास्त होते, आणि ऑफिसच्या अकाउंटमधलं डिव्हाइसचं पान उघडलं तर तिथे माझ्या लॅपटॉपची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारी राखीव किल्ली, दिसली. म्हणजे ॲडमिनलाही दिसत असणार. नुसत्या कीने लांबून काही उघडता येत नाही, डिस्क हातात लागते. पण लॅपटॉप 'तपासणीसाठी' पाठवला असता तर पासवर्ड न देताही सगळं उघडलं असतं. त्यामुळे मशीन हातातून सोडायचं नाही हे तिथेच नक्की झालं.

मग मी दुसरा रस्ता सुचवला. कंपनीचं जे जे आहे त्याची यादी मी करते, सिंक होणारा फोल्डर, मेलची ऑफलाइन फाईल, डाउनलोड्समध्ये पडलेली कागदपत्रं, टीम्सचा कॅश. जे तुमच्या क्लाउडवर नाही ते आधी वर चढवते, मग व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर डिलीट करते आणि तसं सही करून देते. बरीच चर्चा झाली, वरच्या कोणाला तरी विचारून आले आणि हो म्हणाले. कॉलवर पूर्ण स्क्रीन शेअर केली नाही, फक्त ती एक खिडकी, आणि नोटिफिकेशन बंद. आयटीवाला म्हणाला रिकामी जागा सात वेळा ओव्हरराइट करा. म्हटलं एसएसडी आहे, ती कुठलं लिखाण कुठे टाकते हे स्वतः ठरवते, वरून कितीही वेळा लिहिलं तरी जुना ब्लॉक पुसला गेला याची खात्री नाही, उगाच डिस्क झिजेल. इथे ट्रिम (डिलीट झालेली जागा आता मोकळी आहे हे एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे आणि डिस्क एन्क्रिप्टेड आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. त्याला ते पटलं, किंवा जेवायची वेळ झाली होती, काय माहीत.

शेवटी त्यांच्याकडून मेल घेतली की दोन्ही मशीन पर्सनल म्हणून नोंदवून रिटायर केलीयेत, वाइप नाही. मग सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल'मध्ये जाऊन अकाउंट खरंच गेलंय का पाहिलं, लॅपटॉपचं गेलं होतं, डेस्कटॉपवर तसंच होतं, ते हाताने डिस्कनेक्ट केलं. त्यानंतर बिटलॉकरची जुनी रिकव्हरी की काढून नवी तयार केली, त्यासाठी डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागत नाही, मिनिटाचं काम आहे, पण अकाउंट काढल्यावरच करायचं नाहीतर नवी कीही परत तिकडेच जाऊन बसायची. नवी की कागदावर लिहून बिलांच्या फाईलमध्ये ठेवलीये. हिशेबाचे पैसे पुढच्या महिन्यात आले, मॉनिटर न्यायला मात्र अजून कोणी आलेलं नाही.