डेट्रॉईटची फाउंड्री आणि अर्ध्या मैलाची भिंत

आमचे बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायचे. संध्याकाळी आले की आधी न्हाणीत जायचे, तरी कानामागं काळी वाळू राहायचीच, आई ती पदरानं पुसायची. हातावर वितळलेल्या लोखंडाचा रस उडून पडलेले बारके बारके डाग. आता मी शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, आमचं कास्टिंग (ओतीव भाग) गाड्यांना जातं, म्हणून अमेरिकेतल्या डेट्रॉईट या गाड्यांच्या शहराबद्दल वाचायला घेतलं.

१९१३ ला फोर्डनं हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती लाईन टाकली आणि जी चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायला साडेबारा तास लागायचे ती ९३ मिनिटांत व्हायला लागली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण दिवसभर तेच तेच काम करून माणसं इतकी वैतागली की नवीन भरती केली तरी टिकेनात, म्हणून मग जानेवारी १९१४ ला दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट. त्यातही कंपनीची माणसं घरी येऊन बघायची, दारू पितोस का, घर नीट ठेवतोस का, पैसे साठवतोस का. तरी लोंढे आले. १९१० ला ४ लाख ६५ हजारांचं डेट्रॉईट १९३० ला १५ लाख ६८ हजारांवर गेलं.

त्यात दक्षिणेतून आलेली काळी माणसं खूप होती. फोर्ड त्यांना बाकीच्या कंपन्यांपेक्षा जास्त घ्यायचा हे खरं, पण त्याच्या रूज नावाच्या कारखान्यात त्यातल्या कितीतरी जणांच्या वाट्याला आली ती फाउंड्रीच. हे वाचलं आणि मला पुढं वाचवेना. मे महिन्यात भट्टीजवळ उभं राहिलं की बनियन अंगावरच वाळतं आणि त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उठतात, ते मी रोज बघतो. आणि एवढं करून हा कारखाना ज्या डिअरबॉर्न गावात, तिथं त्यांना घर मिळायचं नाही. पाळी संपली की गावाबाहेर. तिथला महापौर ऑर्व्हिल हबर्ड १९४२ पासून १९७८ पर्यंत खुर्चीवर होता आणि काळ्यांना गावात येऊ देणार नाही हे उघड बोलायचा.

डेट्रॉईटमध्ये १९४१ ला तर एका बिल्डरनं भिंतच बांधली. शेजारी काळ्यांची वस्ती होती म्हणून सरकारी खातं त्याच्या प्लॉटच्या कर्जाला हमी देईना, मग यानं मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि हमी मिळाली! ती भिंत अजून आहे, लोकांनी तिच्यावर चित्रं काढलीत.

पुढं १९५० नंतर कारखाने उपनगरांकडं सरकले, गोरी माणसंही तिकडं गेली, कर भरणारे कमी झाले. ब्लॅक बॉटम नावाची काळ्यांची गजबजलेली पेठ होती, ती पाडून हायवे काढला. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसं मेली. १९५० ला साडेअठरा लाखांचं शहर २०२० ला ६ लाख ३९ हजारांवर आलं, मधे २०१३ ला महापालिकेनं दिवाळं काढलं. लोक म्हणतात जपानी गाड्यांनी डेट्रॉईट संपवलं. मला ते अर्धवट वाटतं, कारण गावाला गळती लागली ती जपानी गाड्या यायच्या कितीतरी आधी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्याकडं बिहारचा एक पोरगा पोअरिंगला, म्हणजे साच्यात रस ओतायला आहे. रसाची लॅडल (मोठी पळी) धरतो तेव्हा हात जरासुद्धा हलत नाही, बाबा असते तर खूश झाले असते. त्याला खोली बघायला मी स्वतः गेलो होतो, तीन ठिकाणी "बाहेरच्यांना देत नाही" म्हणून सांगितलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहा प्यायला गेले ते हे गाव, मला बोलताच येईना तिथं. पोरगा सध्या शेडमागच्या खोलीत चौघांबरोबर झोपतो. बायको आणि लहान मुलगी दिवाळीनंतर येणार आहेत. शिरोली, नागाव, टोप साईडला कुणाची खोली रिकामी असेल तर खाली कळवा, डिपॉझिट मी भरतो.